आधी रेघ, मग अक्षर

शाळेत मी तेहेतीस वर्षे मुलांना एकच वाक्य सांगत आलो : "आधी पान आखा, मग लिहा." कोऱ्या कागदाची वही हाती पडली की मुले थेट लिहायला बसत, आणि तिसऱ्या ओळीपाशी त्यांची अक्षरे डोंगर चढू लागत. पान आखणे हे काम मुलांना कंटाळवाणे वाटे, आणि त्यात त्यांचा दोष होता असे मला कधी वाटले नाही. त्या कामात दिसण्याजोगे काहीच नसते. पट्टी ठेवायची, शिसपेन्सिलीने फिकट रेघ ओढायची, पट्टी खाली सरकवायची, पुन्हा रेघ. आणि एवढा खटाटोप करून पानावर उमटले काय, तर काही नाही! लिहिलेले पान आणि कोरे पान यांतला फरक आंधळ्यालाही सांगता येईल. कोरे पान आणि आखलेले पान यांतला फरक मात्र लिहू लागल्यावाचून कळत नाही.

तसे पाहिले तर खरोखर कोरी वही आपण कधी विकत घेतच नाही. दुकानातल्या वहीवर निळ्या रेघा असतात, डाव्या हाताला तांबडा समास असतो. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी चोपडी पुढ्यात घेतो, तेव्हा पहिल्या पानावर 'श्री' पडण्याआधीच तिच्यात जमेची बाजू कोणती आणि नावेची कोणती हे ठरलेले असते. या रेघा आपण वाचीत नाही, त्यांच्यावरून वाचतो. त्या इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या दुसऱ्या कुणी आखल्या आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही.

निवृत्त झाल्यावर माझे आखण्याचे काम संपले, अशी माझी समजूत होती. पण गेल्या दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मला पुन्हा एक पान आखायला बसावे लागले. ते पान कागदाचे नव्हते. पत्त्यांच्या कॅटाहून थोडी मोठी आणि जाडीला त्याहून कमी अशी एक काळी डबी होती; तिला बोटभर वायर होती, आणि डबीवर लिहिले होते '१ टीबी'. हिला बाहेरची हार्ड डिस्क म्हणतात. टीबी म्हणजे टेराबाईट. बाईट म्हणजे एक रोमन अक्षर ठेवण्यापुरती जागा. आपल्या देवनागरीच्या एकेका खुणेला आजच्या नेहमीच्या पद्धतीत अशा तीन लागतात. आणि टेरा म्हणजे एकावर बारा शून्ये. लहानपणी आम्ही एकं दहं शतं घोकताना अब्ज, खर्व, निखर्व करीत शेवटी एका श्वासात 'महापद्म' म्हणत असू. ते महापद्म आयुष्यात कधी कामाला येईल असे वाटले नव्हते. ते मला सातारच्या बाजारात, एका काळ्या डबीत, पिशवीत घालून मिळाले!

१९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून जास्त होते, आणि एवढ्या पसाऱ्यात अक्षरे मावत होती पन्नास लाख. माझ्या पिशवीतल्या डबीत तिच्या दोन लाख पटींहून अधिक जागा होती. इतक्या जागेत मी ठेवणार काय होतो? माझ्या घरची पुस्तके, पत्रे, पेन्शनचे कागद सगळे भरले असते तरी डबीच्या तळालासुद्धा लागले नसते. मला त्यात ठेवायचे होते अकरा रुमाल.

रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे, हे आता सांगावे लागते. जुन्या दप्तरातले कागद चौकोनी कापडात बांधून ठेवीत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. आमचे घराणे वाईजवळच्या एका खेड्याचे कुलकर्णी. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. रुमाल मागे राहिले. वाईच्या वाड्यात माळ्यावर, तुळईला टांगलेल्या फळीवर ते पिढ्यान्‌पिढ्या बसून होते. वाईला असे माळे पुष्कळ. इतिहासाचार्य राजवाड्यांना पानिपतच्या काळातले कागद सापडले ते वाईतल्याच एका घरात, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. आमच्या माळ्यावर पानिपत असण्याचा संभव नव्हता. सारा, उसनवारी, पीकपाणी, भाऊबंदकी, एवढेच असणार. पण 'असणार' एवढेच आम्ही म्हणू शकत होतो. कारण ते सगळे मोडीत होते आणि घरात मोडी वाचणारे कुणी उरले नव्हते.

मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी. लिहिणारा आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई, आणि मग बोरूने त्या रेघांना अक्षरे लटकवीत जाई. शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही; रेघ संपेपर्यंत हात चालत राहायचा. गेल्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी उठली. माझ्या वडिलांना ती येत होती. ते वारले त्या दिवशी आमच्या माळ्यावरचे कागद एका दिवसात मुके झाले, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नाही.

वाड्यात राहतात माझे थोरले चुलतभाऊ. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. वाडा पाडून तिथे इमारत उठायची होती, आणि दिवाळीनंतर घर रिकामे करून द्यायचे ठरले होते. पितळेची भांडी वाटली गेली, देव्हारा आबांकडे राहिला, झोपाळ्याच्या कड्या माझ्या धाकट्या भावाने मागून घेतल्या. रुमालांचा प्रश्न आला तेव्हा आबा म्हणाले, "अरे, जे कुणाला वाचता येत नाही ते ठेवून करायचं काय? आपल्या लेखी ते कोरेच कागद." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ज्या माणसाने साठ वर्षे तो माळा झाडला, त्याला असे म्हणण्याचा अधिकार होता. मी एवढेच म्हणालो, की रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला त्यांची छायाचित्रे घेऊ द्या.

धाकट्या भावाचा मुलगा पुण्याहून आला आणि चार दिवस माळ्याखालच्या उजेडात बसून त्याने चार हजारांवर कागद एकेक करून टिपले. जाता जाता वाड्याचेही चलचित्र घेतले : दिंडी दरवाज्यापासून परसातल्या आडापर्यंत, कुठेही न थांबता. मग तो आपली डिस्क घेऊन साताऱ्याला माझ्याकडे आला. मी ती माझ्या संगणकाला जोडली. पडद्यावर एक चौकट उमटली. तिच्यातला मजकूर थोडक्यात असा होता : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावी लागेल, करू का? खाली दोन बटणे होती.

"काका, थांबा," पुतण्या म्हणाला. "रद्द म्हणा."

"पण ही आखलेलीच नाही म्हणतोय ना हा?"

"आखलेली आहे हो. तुमच्या मशीनला ती आखणी वाचता येत नाही, एवढंच."

त्याचा संगणक अ‍ॅपलचा, माझा विंडोजचा. डिस्क त्याने आपल्या संगणकावर, त्याच्या पद्धतीने आखली होती. माझ्या संगणकाने तिच्याकडे पाहिले, त्याला ओळखीची एकही रेघ दिसली नाही, आणि त्याने मोठ्या सौजन्याने सुचवले, की मी हिच्यावर माझ्या रेघा ओढतो म्हणजे काम सुरू करता येईल. चार हजार कागद तिथे होते. मला आबांची आठवण झाली. फरक इतकाच, की आबा रद्दीवाल्याला बोलवायला दोन महिने घेणार होते. यंत्राला एक टिचकी पुरे होती.

म्हणून नवी डिस्क. ती अशी आखायची की माझ्या यंत्राला वाचता यावी, भावाच्या यंत्राला वाचता यावी, आणि पुण्यात मोडी वाचणारे जे एक गृहस्थ आम्हाला भेटले होते त्यांच्याही. त्यांचा संगणक तिसऱ्याच पंथाचा, लिनक्सचा. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीच करा. मी शेजारी बसतो." नवी डिस्क फॉर्मॅट करण्याची माझी ती पहिलीच वेळ.

डबीतून निघालेली डिस्कसुद्धा कोरी नव्हती. कारखान्यातून ती विंडोजच्या रेघांनी आखून आली होती. या आखणीला एनटीएफएस म्हणतात. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर ती आली. चांगली, पक्की आखणी. तिच्यात रोजकीर्द ठेवण्याची सोय असते. डिस्कवर कुठे काय हलवले याची नोंद आधी कीर्दीत होते, मग प्रत्यक्ष हलवाहलव. मध्येच वीज गेली तर कीर्द पाहून हिशेब पुन्हा जुळवता येतो. पण अ‍ॅपलचा संगणक ही आखणी नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. अ‍ॅपलची स्वतःची २०१७ सालची आखणी घ्यावी, तर माझ्या विंडोजला तिच्यातले अवाक्षर कळत नाही. सर्वांना येणारी जुनी आखणी म्हणजे १९९६ ची फॅट-३२. पण तिच्यात कोणत्याही एका फाईलला चार गिगाबाईटच्या आत बसावे लागते, आणि आमच्या वाड्याचे चलचित्र अकरा गिगाबाईटचे होते. वाडा एकसंध ठेवायचा तर तिथे मावत नव्हता.

राहिली एक्सफॅट. २००६ साली मायक्रोसॉफ्टनेच ती काढली. विंडोज आणि अ‍ॅपल दोघांनाही ती लिहितावाचता येते. आणि २०१९ साली कंपनीने तिचे नियम उघड केल्यावर त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातही ती आली. फाईल कितीही मोठी असो, आमच्या कामाला अडत नाही. उणीव एकच : ही कीर्द ठेवीत नाही. लिहिणे चालू असताना वायर उपटली तर झालेला घोटाळा निस्तरणे कठीण. म्हणून डिस्क काढताना यंत्राला आधी सांगावे लागते आणि त्याने 'आता काढा' म्हटल्यावरच काढावी लागते. पाहुण्याने सांगून उठावे तसे. तीन घरच्यांना कळणारी भाषा बोलायची तर थोडे बंधन पत्करले पाहिजे. आम्ही एक्सफॅट निवडली.

फॉर्मॅटच्या चौकटीत एवढे प्रश्न असतील याची मला कल्पना नव्हती. जागेचे घर केवढे आखायचे, हा पहिला. यंत्राने आपणहून १२८ किलोबाईट सुचवले. याचा अर्थ असा, की एका ओळीची चिठ्ठी ठेवली तरी तिला अख्खे १२८ किलोबाईटचे घर द्यायचे, आणि उरलेली जागा रिकामी पडू द्यायची. एनटीएफएसमध्ये हे घर बहुधा चार किलोबाईटचे असते. हजारो चिठ्ठ्या ठेवायच्या असत्या तर मी विचारात पडलो असतो. आमचे कागद छायाचित्रे होऊन आले होते, एकेक तीस हजार किलोबाईटचे. मोठ्या माणसांना मोठी घरे बरी.

दुसरा प्रश्न नावाचा. डिस्कला नाव द्यायचे होते. मी 'वाड्याचे दप्तर' असे लिहू लागलो, तर शेवटची अक्षरे उमटेनात. पुतण्या म्हणाला, अकराच्या वर घेत नाही. मी मोजले : वा, ड्या, चे, द, प्त, र. सहा! पण यंत्राची मोजणी वेगळी. त्याच्या लेखी काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षराचा पाय मोडला तो वेगळा, मधली मोकळी जागाही वेगळी. असे धरून ते चौदा भरत होते. मी ते खोडून 'रुमाल' लिहिले. पाचात काम झाले.

तिसरा प्रश्न मात्र मला अजून आठवतो. खाली एका लहान चौकोनात आधीच बरोबरची खूण होती, आणि शेजारी लिहिले होते : झटपट फॉर्मॅट. "झटपट म्हणजे काय होतं?" मी विचारले. "पंधरा सेकंदांत होतं," पुतण्या म्हणाला. ते उत्तर माझ्या प्रश्नाचे नव्हते, म्हणून मी नेट धरला. आणि जे ऐकले त्याने माझी फॉर्मॅटची सगळी समजूतच बदलली.

झटपट फॉर्मॅटमध्ये डिस्क पुसली जात नाही. पुसली जाते ती फक्त तिची अनुक्रमणिका. कोणती फाईल कोणत्या घरात आहे याची यादी काढून टाकायची, तिच्या जागी नवी रिकामी यादी ठेवायची, आणि सगळी घरे मोकळी असे जाहीर करायचे, की झाले. घरांतला मजकूर होता तिथेच असतो. खेड्यातल्या माणसाला हे पटकन कळेल. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेतातली ज्वारी उपटली जात नाही. ती उभीच असते, फक्त कुणाची ते कागदावर नसते. नवा मालक नांगर घालीपर्यंत ती तशीच राहते. डिस्कवरही नवा मजकूर त्याच घरात येऊन बसेपर्यंत जुना राहतो, आणि जाणता माणूस अनुक्रमणिकेवाचूनही घराघरांत डोकावून तो गोळा करू शकतो. अट एकच : तिथे काही आहे अशी शंका कुणाला तरी आली पाहिजे.

मी त्या चौकोनातली खूण काढून टाकली. खरे म्हणजे डिस्क नवी होती, झटपट फॉर्मॅट पुरेसे होते. पण ज्या घरात अकरा रुमाल नेऊन ठेवायचे त्याच्या खोल्या एकदा तरी उघडून पाहाव्या, असे मला वाटले. पूर्ण फॉर्मॅटमध्ये यंत्र डिस्कचे प्रत्येक घर तपासते. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून पुढे विंडोज प्रत्येक घरात शून्ये लिहीतही जाते. एखादा कोपरा सडका निघाला तर त्याची नोंद होते आणि तिथे पुढे काही ठेवले जात नाही. शेवटची ताकीद आली : या डिस्कवरचे सगळे जाईल. या खेपेला मी 'हो' म्हणालो. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने निघाली.

तीन तासांना दहा मिनिटे कमी, एवढा वेळ लागला. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता. सौभाग्यवती दोनदा डोकावून गेल्या आणि दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो, कोरीच पाटी ना ती? मग पुसताय काय इतका वेळ?" मी डबीला कान लावून बसलो होतो. आत तबकडी फिरत होती. अशा डिस्कचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला नव्वद. तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजारोव्या हिश्शाइतक्या अंतरावर तिचा वाचणारा काटा तरंगत असतो, तिला न शिवता. एवढे सगळे आत घडत होते, आणि बाहेर ऐकू येत होती फक्त भुंग्यासारखी गुणगुण.

आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा असा आवाज आमच्या ऑफिसात नेहमी येई, पण तो घोगरा असे. कारकून नव्या फ्लॉप्या फॉर्मॅट करीत. ती आखणी मात्र खरीखुरी असे : चकतीच्या दोन्ही बाजूंना ऐंशी ऐंशी वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे अठरा तुकडे, असे २८८० तुकडे यंत्र एकामागून एक कोरीत जाई, आणि प्रत्येक तुकड्यात मावत ५१२ बाईट. आजच्या हार्ड डिस्कची वर्तुळे कारखान्यातच आखलेली असतात. ती आपण घरी बदलू शकत नाही. आपण ठरवतो ती घरांची यादी ठेवण्याची रीत. म्हणजे एका आखणीवर दुसरी आखणी. मोडी लिहिणाऱ्याच्या हाती येणारा कागदही असाच कुणीतरी घोटून, कापून दिलेला असे. रेघा तेवढ्या त्याच्या.

पट्टी पुरी भरली. डिस्क तयार होती, आणि यंत्राने तिची जागा दाखवली ९३१ गिगाबाईट. मी डबी पुन्हा वाचली. महापद्म कुठे गेले? मला वाटले, आखणीनेच एकोणसत्तर गिळले. तसे नव्हते. डबी करणारा गिगाबाईट शंभर कोटींचा मोजतो, सरळ अब्ज. विंडोज तोच शब्द वापरते, पण १०२४ ला १०२४ ने आणि पुन्हा १०२४ ने गुणून. तो होतो १,०७,३७,४१,८२४ चा. मापे दोन, नाव एक. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली दुसऱ्या मापासाठी 'गिबी' असे वेगळे नाव मंजूर झाले, पण विंडोज आजही जुनेच नाव लावते. कच्चा शेर आणि पक्का शेर यांच्या भांडणात वाढलेल्या आमच्या घराण्याला हे नवे नव्हते. जागा कुठेही गेली नव्हती. फक्त मापटे मोठे होते.

मग पुतण्याने आपल्या संगणकावरून चार हजार कागद आणि वाडा या डिस्कवर उतरवला. ती माझ्या यंत्राला जोडली. या वेळी चौकट आली नाही. अकरा रुमाल ओळीने उघडले.

मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे डिस्क गेली त्याला आता वर्ष होईल. ते नोकरी सांभाळून, रात्री वेळ मिळेल तसे वाचतात. आतापर्यंत दोन रुमाल झाले. आम्ही म्हटले तसेच निघाले : सारा, उसनवारी, एका बैलाची तक्रार. दुसऱ्या रुमालाच्या तळाशी एक टाचण होते, शके १८१९ चे. म्हणजे १८९७-९८, प्लेगचे दिवस. गाव सोडून लोक रानात झोपड्या घालून राहत होते. टाचणात पणजोबांच्या हातचा घरखर्च आहे : गाडीभाडे, झोपडीला कुडाचे सामान, मग मुलीचे नाव आणि तिच्या औषधाचे दोन रुपये. पुन्हा औषध. चार ओळींखाली, त्याच हाताने, लाकडांचा खर्च. त्यानंतर मुलीचे नाव कुठे नाही.

आजोबांना थोरली बहीण होती हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. घरच्या वंशावळीत ती नाही. वंशावळीत मुली लिहीत नसत. आजोबांनी कधी सांगितले नाही. ते त्या वेळी फार लहान असतील. जगात तिची नोंद राहिली ती एका टाचणात, एका रेघेला लटकलेली. तो कागद सव्वाशे वर्षे आमच्या डोक्यावर टांगलेला होता.

वाचलेला मजकूर मी बाळबोधीत उतरवून आबांकडे नेला. आबा आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवला. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "किती रुमाल राहिलेत रे अजून?"

"नऊ."

"मूळ कागद कुठायत?"

"माझ्याकडे. पलंगाखाली पेटीत."

"तिथेच असू देत. रद्दीचं मी बोललो ते सोड."

कागद राहिले. पण डिस्क कागदाइतकी टिकणार नाही, हे मला कळून चुकले आहे. फिरणारी वस्तू ती. काही वर्षांनी थकणार. म्हणून दुसरी प्रत भावाकडे ठेवली आहे, आणि दोन्ही प्रती दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायच्या असे पुतण्याने कबूल केले आहे. माझी भीती निराळी आहे. पन्नास वर्षांनी डिस्क शाबूत असली तरी एक्सफॅट कोण वाचणार? कोणत्याही आखणीला कुणीतरी वाचणारा लागतो, आणि वाचणारे संपतात कसे, हे आमच्या घराने पाहिले आहे. मोडी लिपीला २०१४ साली संगणकाच्या जागतिक वर्णमालेत, युनिकोडमध्ये, जागा मिळाली. शाळांतून ती उठल्यावर साठ वर्षांनी. एवढी वाट पाहणारा कागदच असतो.

तेव्हा मी माझ्यापरीने एक तजवीज करून ठेवली आहे. आमच्याकडे आलेल्या प्रतीची डबी जुन्या रुमालाच्याच कापडाच्या तुकड्यात बांधली आहे, आणि आत एक चिठ्ठी घातली आहे. चिठ्ठी साध्या कागदावर, शाईने, बाळबोधीत लिहिली आहे : "यात वाईच्या वाड्यातल्या अकरा रुमालांची छायाचित्रे आणि वाड्याचे चलचित्र आहे. कागदांची लिपी मोडी. डिस्कची आखणी एक्सफॅट. यंत्राने फॉर्मॅट करू का असे विचारले तर नाही म्हणावे, आणि वाचता येणारा माणूस शोधावा."